हातपंपाचा पाना कोणाच्या हाती?

राजधानीतील मंत्रालयांमध्ये ‘लोकसहभाग’ हा शब्द गेली कित्येक वर्षे इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की, त्याची धार पार बोथट झाली आहे. केंद्रीय योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला मानाचे पान असते. मात्र हा सहभाग सुरू केव्हा होतो? यंत्राचा आराखडा ठरण्यापूर्वी, की ते गावात येऊन बिघडल्यानंतर? खरी मेख इथेच आहे, आणि ती समजून घ्यायला हातपंपासारख्या साध्या यंत्राचा इतिहास पुरेसा आहे.

१९६६-६७च्या बिहारमधील दुष्काळात युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात विंधन विहिरी घेणारी यंत्रे देशात आली. खडक फोडण्याचा प्रश्न सुटला. पण विहिरींवर बसले ते ओतीव लोखंडाचे पंप, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील एकेका शेतकरी कुटुंबासाठी योजलेल्या पंपांच्या नकला. तिकडे दिवसातून चार-दोन वेळा हलणारा दांडा इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्ख्या गावासाठी हलू लागला. परिणाम व्हायचा तोच झाला. १९७०च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहण्यांत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. सरकारदरबारी त्याचे खापर बराच काळ ‘ग्रामस्थांच्या निष्काळजीपणा’वर फोडले जात होते. दोष वापरणाऱ्यांचा नसून आराखड्याचा आहे, हे मान्य व्हायला दुष्काळाची आणखी काही वर्षे जावी लागली.

या कोड्याचे उत्तर दिल्लीत सापडले नाही, ते मराठी मुलखात सापडले. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत ओतीव लोखंडाऐवजी पोलाद वापरून, अनेक सांध्यांच्या जागी एकच खिळ ठेवून पंप तयार झाला. पुढे सोलापुरात त्याची अधिक भक्कम आवृत्ती निघाली. गावोगाव फिरून मोडके पंप दुरुस्त करणाऱ्यांना झीज नेमकी कुठे होते हे ठाऊक होते, आणि तेच ज्ञान या रचनेत उतरले. युनिसेफ, मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना आणि संशोधन संस्था यांनी सोलापूरच्या पंपाला प्रमाणित रूप दिले, कोइमतूर परिसरात चाचण्या घेतल्या आणि ‘इंडिया मार्क-२’ जन्माला आला. १९७९ साली त्याला भारतीय मानक मिळाले. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला. महाराष्ट्राच्या औद्योगिक कर्तृत्वाच्या गौरवगाथांत या पंपाचा उल्लेख क्वचितच आढळतो, हे नवलच.

मार्क-२ सहसा मोडत नसे. पण मोडला की गाव हतबल होई. जमिनीखालचा दट्ट्या बदलायचा तर लोखंडी नळांची संपूर्ण माळ वर ओढावी लागे. त्यासाठी तिकाटणे, जड अवजारे आणि जिल्ह्याहून येणारी गाडी लागे. गाडीची वाट पाहण्यात आठवडे जात आणि तेवढे दिवस लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहणे बायकांच्या वाट्याला येई. पंप वापरणारे हात बायकांचे आणि दुरुस्तीचा अधिकार दूरच्या पुरुषांचा, अशी ही विभागणी होती. १९८०च्या दशकात कोइमतूरच्याच परिसरात मार्क-३ची चाचणी झाली. त्यात नळ रुंद केल्यामुळे माळ न उचलता दट्ट्या बाहेर काढता येऊ लागला. रुंद नळांमुळे किंमत वाढली, हा त्याचा तोटा. आणि खरेदीच्या निविदेत किंमत दिसते, बाईची पायपीट दिसत नाही.

उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी महिला समाख्या कार्यक्रमाने हा प्रश्न वेगळ्या टोकाने हाताळला. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा स्त्रियांना, त्यातही बहुसंख्य दलित स्त्रियांना, मार्क-२ची दुरुस्ती शिकवण्यात आली. ज्या समाजव्यवस्थेत त्यांच्या स्पर्शाने पाणी ‘बाटत’ असे, तिथे त्याच पाण्याचे यंत्र उघडण्याचा पाना त्यांच्या हाती आला. जातीच्या दृष्टीने ही साधी घटना नव्हती.

तरीही गावाच्या ज्ञानाचे भाबडे स्तोम माजवण्यात अर्थ नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली आणि बांगलादेशात १९९३ साली नलिकाकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आढळले, ते रासायनिक तपासणीतून. चव, रंग, वास यांतून ते कोणाही ग्रामस्थाला कळणे शक्य नव्हते. उलट भारतात यशस्वी ठरलेल्या मार्क-२चे लोखंडी नळ आफ्रिकेतील आम्लधर्मी भूजलात गंजले, म्हणून युगांडाला गंजरोधक पोलादाची स्वतःची आवृत्ती करावी लागली. एका देशात लोकांनी घडवलेली वस्तूही दुसऱ्या देशात परकीच ठरते.

७३व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी अकराव्या परिशिष्टात घातले. २००२च्या स्वजलधारा योजनेने भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलावा असे ठरवले. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने गावाच्या पाणी समितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि पाणी तपासणीसाठी प्रत्येक गावात पाच स्त्रियांना प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. तेव्हा ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आणि उरलेल्यांसाठी मुदत २०२८पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. गती मोठीच आहे. परंतु हातपंपापेक्षा नळयोजना कितीतरी गुंतागुंतीची असते. पंपघर, विजेचे देयक, टाकी, झडपा, गळती असा सगळा पसारा तिच्या मागे येतो. तांत्रिक आराखडा अभियंता करणार, काम कंत्राटदार करणार आणि पूर्ण झालेली योजना चालवण्यासाठी समितीच्या स्वाधीन होणार, असा हा क्रम आहे. टाकी कोणत्या वस्तीच्या उंचवट्यावर उभी राहावी, शेवटच्या घरापर्यंत दाब पोहोचेल का, झडप बदलायचा खर्च पाणीपट्टीतून निघेल का, हे प्रश्न समितीपुढे येतात तेव्हा नळ जमिनीखाली गाडले गेलेले असतात.