विकलेली जमीन आणि दुभंगलेलें घर

जमीन विकली म्हणजे नेमकें काय विकलें जातें? खरेदीखतावर या प्रश्नाचें उत्तर अगदीं सरळ असतें. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि किंमत एवढ्यांत तें संपतें. परंतु ज्या घरानें ती जमीन पिढ्यान् पिढ्या कसली, त्या घरांत व्यवहारानंतर काय घडतें, हें कोणत्याही खतांत लिहिलेलें नसतें. बापानें सही केली तेव्हां मुलगा लहान होता. मोठा झाल्यावर तो बापास काय विचारील? ‘मुळशी पॅटर्न’ या मराठी चित्रपटानें ही न लिहिलेली बाजू पडद्यावर आणली.

हा बोलपट 23 नोव्हेंबर 2018 रोजीं प्रदर्शित झाला. लेखन व दिग्दर्शन प्रवीण तरडे यांचें असून मुलाची भूमिका ओम भूतकर यांनीं, तर बापाची मोहन जोशी यांनीं केली आहे. पुढें 2021 सालीं याच कथेवरून महेश मांजरेकर यांनीं ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट काढला. कथानक थोडक्यांत असें : मुळशी तालुक्यांतील एक मानी शेतकरी जमीन विकून बसतो, पैसा टिकत नाहीं, जेथें चार लोक उठून मान देत होते तेथून निघून शहरांत अंगमेहनतीवर पोट भरण्याची पाळी येते, आणि तरुण मुलगा गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. चित्रपटांत मारामाऱ्या पुष्कळ आहेत, आणि त्यांमुळेंच तो गाजला असें म्हणणारेहि आहेत. तथापि त्याचा गाभा घरगुती आहे. बाप आणि मुलगा यांच्यामध्यें विकलेली जमीन उभी राहते, आणि दोघांपैकीं कोणालाहि ती ओलांडतां येत नाहीं.

जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचें चित्र मराठी पडद्यास नवें नाहीं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें 1925 सालीं बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यांत तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें होतें. कर्जापायीं सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी गिरणींत मजुरी करावयास जातो, ही त्याची कथा. तेथें दोषी कोण हें प्रेक्षकास पहिल्यापासून ठाऊक असतें. घर उद्ध्वस्त होतें, परंतु घरांतल्या माणसांना एकमेकांकडे बोट दाखवावें लागत नाहीं.

खुद्द मुळशीचा इतिहासहि हेंच सांगतो. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तें विजेसाठीं. मावळांत सांठलेलें पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस भिरा येथें उतरवून त्यावर वीज काढावयाची आणि ती मुंबईस पुरवावयाची अशी ही योजना. तिच्यापायीं पन्नासाच्या आसपास गांवें बाधित होणार होतीं, आणि जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्यानें सक्तीनें घेतली जात होती. 16 एप्रिल 1921 रोजीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हें नांव मिळालें तें याच लढ्यांत. 1924 पर्यंत लढा मावळला आणि धरण झालें. त्यांतील एक दुखरी गोष्ट विसरतां येत नाहीं. अनेक जमिनी कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांच्या नांवावर होत्या. कसणारा मावळा झगडत राहिला, पण अशा मालकांपैकीं पुष्कळांनीं मोबदला घेणें पत्करलें. तरीहि मावळ्याच्या घरांत बापाला मुलापुढें मान खालीं घालावी लागली नाहीं. जमीन हिरावून घेतली गेली होती. ती त्यानें दिली नव्हती.

पाऊणशें वर्षांनंतर त्याच तालुक्यांत चित्र उलटें झालें. पुणें शहर पश्चिमेकडे वाढूं लागलें. हिंजवडीस संगणक उद्योगांची वसाहत उभी राहिली, पिरंगुट भागांत कारखाने आले, डोंगरउतारावर बंगले दिसूं लागले. वसाहतींसाठीं कांहीं जमीन सरकारनें संपादन केली हें खरें. परंतु पुष्कळशी जमीन खासगी सौद्यानें, मालकाच्या सहीनें गेली. येथें सावकार नाहीं, फौजदारहि नाहीं. म्हणून दोष ठेवावयास परका माणूस उरत नाहीं, आणि तो घरांतल्याच माणसाच्या माथीं येतो.

पैसा कां टिकत नाहीं, याचें कारण केवळ उधळपट्टींत शोधणें अपुरें आहे. शेत हें उत्पन्नाचें साधन तर असतेंच, पण तें घरांतील प्रत्येकास कामहि देतें. पेरणी कोणी करावयाची, गुरें कोणीं सांभाळावयाचीं, बी कोणीं राखावयाचें, हें ठरलेलें असतें, आणि त्या कामावरूनच माणसाची किंमत ठरते. रक्कम हातीं आली कीं घर बांधलें जातें, गाडी येते, थाटाचें लग्न होतें. परंतु सकाळीं उठून करावयाचें काम नाहींसें होतें. मुलाला शेती शिकविलेली नसते, आणि शेजारीं उभ्या राहिलेल्या कचेरींत बसण्याजोगें शिक्षणहि मिळालेलें नसतें. या रिकामपणांत दलाली, दहशत आणि झटपट पैसा यांना वाट मिळते.

कायदा या घरगुती प्रश्नाकडे कसा पाहतो? हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनींत मुलाला जन्मतःच हिस्सा असतो. कुटुंबाचा कर्ता ती जमीन वाटेल तेव्हां विकूं शकत नाहीं. कायदेशीर निकड किंवा कुटुंबाचें हित दाखवावें लागतें. मुलीच्या लग्नाचा खर्च निकडींत धरला जातो. चैन धरली जात नाहीं. असें कारण नसतां बापानें केलेल्या विक्रीस मुलगा न्यायालयांत आव्हान देऊं शकतो, आणि घेणाऱ्यानें ताबा घेतल्यापासून त्यास बारा वर्षांची मुदत असते. पण बापाविरुद्ध दावा लावणें म्हणजे घर मोडणें, असें मानणारेच फार. हक्क कागदावर राहतो आणि राग मनांत.

मुलींची गोष्ट आणखी नाजूक आहे. महाराष्ट्रानें 1994 सालीं अविवाहित मुलींना आणि केंद्रीय कायद्यानें 9 सप्टेंबर 2005 पासून सर्वच मुलींना मुलाप्रमाणें जन्मसिद्ध हिस्सा दिला. बाप त्या दिवशीं हयात असो वा नसो, हा हिस्सा आहेच, असें सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं स्पष्ट केलें. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधीं झालेल्या विक्रीला त्यामुळें बाध येत नाहीं. जमिनीला भाव आला कीं बहिणीस हक्कसोडपत्रावर सहीसाठीं बोलावणें येतें. सही केली तर हिस्सा जातो; न केली तर माहेर जातें. ‘मुळशी पॅटर्न’चा भर बापलेकांवर आहे; या सहीची कथा अजून कोणीतरी पडद्यावर आणावयाची राहिली आहे.

चित्रपटावर एक आक्षेप रास्त आहे. एका तालुक्याचें नांव गुन्हेगारीशीं जोडलें गेलें. ज्यांनीं जमीन विकली त्या प्रत्येक घरांत गुंड निपजला असें मानणें उघड अन्यायाचें होईल. पैशाचा नीट विनियोग करून मुलें शिकविणारीं घरेंहि याच मावळांत आहेत. परंतु अशा घरांतहि तो एक प्रश्न जेवणाच्या पंगतींत कोणी काढीत नाहीं.

चित्रपटाचें खरें मोल येथें आहे. त्यानें तो प्रश्न मोठ्यानें विचारला. शहराच्या कडेला अजूनहि रोज खरेदीखतें होत आहेत, आणि त्यांवर सह्या करणारे बहुधा घरांतले वडीलधारे पुरुष असतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाण्याआधीं एक संध्याकाळ बायको, मुलगे आणि सासरीं गेलेल्या लेकी यांना एकत्र बसवून, पैसा कशांत घालावयाचा आणि उद्यां सकाळीं उठून कोणीं काय करावयाचें, एवढें बोलणें झालें, तर विक्रीचा निर्णय कदाचित् तोच राहील. पण दहा वर्षांनीं मुलगा बापास जें विचारणार आहे, त्याचें उत्तर त्या दिवशीं सर्वांनीं मिळून दिलेलें असेल.