उंडे रविवारी, वड्या महिनाभर

 

संध्याकाळचे सात वाजलेत. आपण नुकत्याच शेतावरून आलोय. हातपाय धुवायचे राहिलेत, गोठ्यात म्हैस ओरडतेय आणि दारातच पोरं विचारतात, "आई, आज जेवायला काय?" दिवसभराच्या खुरपणीपेक्षा हा एक प्रश्न जास्त जड वाटतो की नाही? केंद्र सरकारनं २०१९ मध्ये एक पाहणी केली होती. माणसांचा दिवसातला वेळ कशात जातो, ते त्यात मोजलं होतं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आपल्याला हे आकडे वाचून नवल वाटलं नाही. पण त्या पाच तासांतला संध्याकाळचा एक तास वाचवता येईल का, यावर आमच्या गटाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. त्यातून निघाली ती आपली अळूवडी.

अळूवडी काही नवी नाही. गुजरातेत तिला पात्रा म्हणतात, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पत्रोडे म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात ती घरोघरी होते. पण करायची म्हटली की पानं धुवा, शिरा लाटा, पीठ लावा, गुंडाळा, वाफवा, कापा, तळा. रोजच्या दिवशी एवढा उरक कुणाला असतो? म्हणून ती सणावारापुरती राहिली. आम्ही एवढंच केलं, की कामाचे दोन भाग पाडले. वाफवण्यापर्यंतचं सगळं काम रविवारी, तेही चौघींनी मिळून. मग वड्या फ्रीझरमध्ये. लागेल त्या संध्याकाळी फक्त तव्यावर टाकायच्या. आमटी-भात किंवा भाकरी केली की जेवण तयार.

आधी कृती सांगतो. साधारण साठ वड्या होतील असं प्रमाण देतो. पाच माणसांच्या घरात त्या तीन-चार जेवणांना पुरतात.

मध्यम आकाराची चोवीस पानं घ्या. पानं वडीच्या अळूचीच हवीत. या अळूचे देठ काळपट असतात आणि पान गडद व जाडसर असतं. अळू बहुतेक घरी मोरीच्या पाण्यावर वाढलेला असतो, त्यामुळे पानं तीन पाण्यांनी धुवा आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. पान ओलं राहिलं तर पीठ सरकतं आणि उंडा सुटतो. देठ काढा, पान उलटं ठेवून जाड शिरांवरून हलक्या हातानं लाटणं फिरवा. हाताला खाज येत असेल तर आधी तेलाचा हात लावा.

पिठासाठी अर्धा किलो बेसन, एक वाटी तांदळाचं पीठ, दोन लिंबांएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ आणि त्याला पुरेल एवढा गूळ. तिखट, हळद, हिंग, ओवा, तीळ, गोडा मसाला आणि मीठ आपापल्या घरच्या चवीनं. पाणी बेतानं घाला. पीठ इडलीच्या पिठाहून घट्ट हवं, हातानं पानावर सारवता आलं पाहिजे.

चिंच मात्र विसरू नका. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. घशाला खवखवतं ते त्यांच्यामुळे. चिंचेचा आंबटपणा आणि पुरेशी वाफ या दोन्हींनी ही खाज कमी होते. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर त्यांनी अळू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता सर्वांत मोठं पान खाली, उलटी बाजू वर. पीठ पातळ सारवा. त्यावर दुसरं पान, पण टोक उलट्या दिशेला. असे चार थर झाले की दोन्ही कडा आत दुमडा आणि घट्ट गुंडाळत जा. चोवीस पानांचे सहा उंडे होतात. मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये, पाण्याला उकळी आल्यावर वीस ते पंचवीस मिनिटं वाफवा. उंडा जाड असेल तर अजून थोडा वेळ. मधोमध सुरी घालून बघा, ती कोरडी बाहेर आली पाहिजे. कच्चा उंडा फ्रीझरमध्ये ठेवून पुढे तव्यावर शिजेल, या भरवशावर राहू नका.

इथपर्यंत आपल्या सगळ्यांना येतंच. खरं शिकायचं आहे ते पुढचं. ते आम्ही नुकसान सोसून शिकलो.

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहानं एकदम चाळीस उंडे केले. संध्याकाळ झाली, सगळ्यांना घरी जायची घाई. उंडे गरम असतानाच डब्यात भरले, डबे एकावर एक रचून एकाच फ्रीझरमध्ये कोंबले. रात्री वीज गेली ती सकाळी आली. दुपारी डबे उघडले तर वर बर्फ आणि आत पाणी सुटलेलं, मधले उंडे मऊ पडलेले. वास काही वाईट नव्हता. एक ताई म्हणाल्या, "परत गोठवू या, काय होतंय?" दुसऱ्या म्हणाल्या, "बेसन काय भाव आहे माहीत आहे ना?" बराच वाद झाला. शेवटी आम्ही ते सगळे खड्ड्यात पुरले. जनावरांनाही घातले नाहीत. त्या दिवशी घरी जाताना कुणी कुणाशी बोललं नाही. पण पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं, की थंडी नेमकं काय करते ते आधी समजून घ्यायचं आणि मगच पुन्हा हात घालायचा.

समजलं ते असं. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत. ते नुसते थांबतात. पदार्थ पुन्हा कोमट झाला की ते पुन्हा वाढायला लागतात. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतची उष्णता त्यांना मानवते. म्हणून शिजवलेलं अन्न या टप्प्यात जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं. शिवाय आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे दरवेळी वास येतोच असं नाही, चवही बदलतेच असं नाही. "वास घेऊन बघते" ही आपली जुनी पारख इथे पुरी पडत नाही.

दुसरी गोष्ट बर्फाची. पदार्थ हळूहळू गोठला तर आतल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि पदार्थाचा पोत फाडतात. भराभर गोठला तर स्फटिक बारीक राहतात. काकडी, टोमॅटो यांत पाणी भरपूर, म्हणून ते गोठवल्यावर लिबलिबीत होतात. अळूवडीचं पीठ घट्ट असतं, त्यामुळे ती फ्रीझरमध्ये चांगली टिकते. कोथिंबीर वडी आणि कोबीची वडीही याच पद्धतीनं ठेवता येते. ओलं खोबरं आणि वरून घालायची कोथिंबीर मात्र आधी घालू नका, वाढताना घाला.

यावरून आम्ही आमची पद्धत बदलली. ती आता क्रमानं सांगतो.

उंडे वाफेवरून काढले की परातीत सुटे सुटे ठेवा, पंख्याखाली गार करा. वर जाळी किंवा पातळ फडकं टाका. पूर्ण गार झाल्यावर अर्ध्या बोटाच्या जाडीच्या वड्या कापा. कापण्याची सुरी आणि पाट स्वच्छ, कोरडा हवा. मग ताटाला तेलाचा हात लावून वड्या एकमेकींना न चिकटता पसरा आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये ठेवा. वाफेवरून काढल्यापासून इथपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका.

वड्या दगडासारख्या कडक झाल्या की जाड पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पिशवीतली हवा दाबून काढून टाका. हवा राहिली तर वड्यांवर पांढरट, कोरडे डाग पडतात आणि चव जाते. एका पिशवीत एका जेवणापुरत्याच वड्या भरा. म्हणजे काढलेली पिशवी परत ठेवायची वेळच येत नाही. एकदा सुटलेली वडी पुन्हा गोठवायची नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे.

पिशवीवर तारीख लिहा. डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंश थंडी असते. तिथे या वड्या महिनाभर चवीला छान राहतात. आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात एवढी थंडी नसते, म्हणून तिथल्या वड्या आम्ही पंधरा दिवसांत संपवतो. त्या कप्प्यात बर्फाचा थर साचू देऊ नका. थर साचला की थंडी नीट लागत नाही.

आता विजेचं. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. वीज गेली की पहिलं काम म्हणजे फ्रिजचं दार न उघडणं. भरलेला डीप फ्रीझर बंद ठेवला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. एका दाराच्या फ्रिजच्या छोट्या कप्प्यात मात्र ती एवढी टिकत नाही.

आपण घरी नसताना वीज गेली होती का, हे कसं कळणार? त्याला एक सोपी युक्ती आहे. छोट्या वाटीत पाणी घेऊन फ्रीझरमध्ये गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. वाटी तिथेच राहू द्या. नाणं वरच असेल तर काळजी नाही. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर समजायचं की मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. त्या वड्या मग कितीही कडक दिसल्या तरी पोरांच्या ताटात घालायच्या नाहीत. वीज आल्यावर वड्या कडक असतील, बर्फाचे कण दिसत असतील, तर त्याच दिवशी चांगल्या गरम करून संपवा. मऊ, कोमट झाल्या असतील तर टाकून द्या. जीवावर येतं, आम्हाला माहीत आहे. पण दवाखान्याचा खर्च बेसनाहून मोठा असतो.

आणि तो संध्याकाळचा सातचा प्रश्न? पिशवी काढा. गोठलेल्या वड्या कडकडीत तेलात एकदम सोडू नका. बर्फाचं पाणी तेलात पडलं की तेल अंगावर उडतं. जाड तव्यावर चमचाभर तेल घाला, वड्या ठेवा, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं, मग उलटून दुसरी बाजू खरपूस करा. मधली वडी मोडून बघा, आतूनही वाफ आली पाहिजे. तेल नको असेल तर दहा मिनिटं वाफवून वरून मोहरी-तिळाची फोडणी द्या.

आमच्या गटात अकरा जणी आहेत आणि फ्रिज पाचच घरांत. म्हणून आम्ही जोड्या लावल्या. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांच्या पिशव्यांवर त्यांचं नाव लिहून शेजारणीकडे ठेवतो. त्या बदल्यात त्या पानं आणतात, शिरा लाटतात. यात कुणाचे उपकार नाहीत, वाटणी सरळ आहे. हाच माल उद्या विकायचा विचार कुणी करत असेल तर आधी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. गोठवलेला माल गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत थंड कसा पोचणार, तेही ठरवा. घरी खाणं आणि विकणं यांची जबाबदारी सारखी नसते.

एक शेवटचं सांगतो. मागच्या पावसाळ्यात गटातल्या एक ताई लावणीवरून उशिरा घरी आल्या, तर सातवीतल्या मुलानं भात लावलेला आणि बापानं तव्यावर वड्या टाकलेल्या. थोड्या करपल्या होत्या. ताई म्हणाल्या, "करपलेल्या असू देत, मी पाय धुऊन नुसती ताटावर बसले." उंडे वळायचं काम मोठं, ते त्यांना जमलं नसतं. पण पिशवी काढून तव्यावर टाकायचं काम घरातल्या कुणालाही जमतं. तेव्हा सख्यांनो, वड्या फ्रीझरमध्ये ठेवताना घरात सगळ्यांना दाखवून ठेवा, पिशवी कुठे आहे आणि तवा किती तापवायचा.

या रविवारी दोन उंड्यांपासून सुरुवात करा. नाण्याची वाटी आधी ठेवा, वड्या नंतर.