घाट: डोंगरातला आणि नदीवरचा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ओळख निघाली की हमखास विचारतात, 'घाटावरचे की घाटाखालचे?' चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. मलकापूरकडून येताना राजूर घाट चढला की बुलढाणा!

हाच घाट काशीत गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या होतो, बंगालात तळ्याचा काठ नि होडीचा धक्काही. मूळ संस्कृत 'घट्ट', पाण्यात उतरायची जागा. मराठीत तो डोंगरवाटेला चिकटला. युरोपीयांनी वाटेचं नाव अख्ख्या सह्याद्रीला दिलं आणि तेच 'पश्चिम घाट' होऊन आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आलं. शिवाय भांड्याचा घाट वेगळा, लग्नाचा घालतात तो वेगळा!

तुमच्या बोलीत घाटाचा आणखी अर्थ असेल तर जरूर सांगा.