मुक्तपतनातील श्रवण : हवाई छत्रीची उडी आणि संगीत

विमानातून उडी घेतलेल्या माणसाची चित्रफीत पाहताना प्रेक्षकास बहुधा संगीत ऐकू येते. हात पसरून ढगांवर तरंगणारा देह आणि त्याच्या जोडीला संथ वाद्यमेळ, अशी ही सांगड इतकी रूढ झाली आहे की ती स्वाभाविक वाटावी. वस्तुतः हे संगीत मागाहून चढविलेले असते. मूळ ध्वनिमुद्रणात वाऱ्याच्या गर्जनेखेरीज फारसे काही नसते, आणि म्हणूनच ते गाळले जाते. कानात बसणारी लहान ध्वनियंत्रे सुलभ झाल्यापासून, प्रत्यक्ष उडी घेतानाच आवडते संगीत ऐकावे, अशी इच्छा काहींच्या मनात उत्पन्न होते. ही इच्छा कितपत सफल होण्याजोगी आहे आणि तिचे मोल काय पडते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पतनाचा वेग आणि हवेचा दाब

हौशी उड्या सामान्यतः ४,००० मीटर, म्हणजे सुमारे १३,००० फूट, उंचीवरून घेतल्या जातात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून घेतलेली उडी अशाच उंचीवरून होती. विमान सोडल्यावर पहिली दहा-बारा सेकंदे वेग वाढत जातो. वेगाबरोबर हवेचा रोधही वाढतो, आणि हा रोध देहाच्या वजनाइतका झाला की वेग वाढावयाचा थांबतो. यालाच अंत्य वेग म्हणतात. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो ताशी सुमारे १९५ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५४ मीटर इतका असतो. वर हवा विरळ असल्याने तेथे तो काहीसा अधिक असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अंत्य वेगाच्या स्थितीत वारा देहावर जो गतिक दाब पाडतो, तो उंचीवर अवलंबून नसतो. देहाचे वजन ८०० न्यूटनच्या जवळपास आणि रोधाच्या हिशेबाने त्याचे परिणामी क्षेत्रफळ ०·४५ चौरस मीटर धरले, तर हा दाब सुमारे १,७५० पास्कल येतो. वर विरळ हवा आणि अधिक वेग, खाली दाट हवा आणि कमी वेग. गुणाकार मात्र तोच राहतो. कारण या दाबानेच वजन तोलून धरलेले असते. अर्थात वाऱ्याचा जोर पहिल्या काही सेकंदांत पूर्णत्वास पोचतो आणि छत्री उघडेपर्यंत जवळजवळ तसाच टिकतो.

गर्जनेची उत्पत्ती

स्थिर वाहणारा वारा नुसत्या दाबाने आवाज करीत नाही. दाबात जलद चढउतार व्हावे लागतात. डोके, शिरस्त्राण, खांद्यावरील पट्टे यांच्यामागे भोवरे सुटतात आणि त्यांतून हे चढउतार निर्माण होतात. तारेवरून वारा गेला असता उमटणाऱ्या स्वराचा नियम स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये शोधून काढला. वेगाला वस्तूच्या रुंदीने भागून येणाऱ्या संख्येच्या सुमारे एकपंचमांश इतकी त्या स्वराची कंप्रता असते. या नियमाने २० सेंटीमीटर रुंदीच्या डोक्यामागे सेकंदास सुमारे ५४ कंपने, तर एक सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्यामागे सुमारे १,०८० कंपने संभवतात. देहावर आणि साजावर सर्व मापांच्या कडा असल्याने खर्जापासून टीपेपर्यंतचा सर्व पट्टा भरून निघतो. त्यात खर्जाचा अंश सर्वांत प्रबळ असतो.

या गर्जनेच्या प्रमाणाचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. १,७५० पास्कलपैकी केवळ एक टक्का दाब जरी कानाजवळ चढउताराच्या रूपाने प्रकटला, तरी ध्वनिपातळी ११९ डेसिबल भरते. कानाला अतिखर्ज स्वर कमी ऐकू येतात, म्हणून प्रत्यक्ष जाणवणारी पातळी याहून कमी असते. मोटारसायकलस्वारांच्या शिरस्त्राणाखाली १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये जी मापने झाली, त्यांत कानाच्या संवेदनेनुसार दुरुस्त केलेली पातळी ताशी ६० किलोमीटरला सुमारे ९० व १६० किलोमीटरला सुमारे ११० डेसिबल आढळली. हेच प्रमाण पुढे नेले असता मुक्तपतनात ११० ते ११५ डेसिबल हा अंदाज वावगा ठरू नये. शिरस्त्राणाच्या घडणीनुसार त्यात फरक पडेल, हे उघड आहे.

संगीताचे काय होते

एका ध्वनीमुळे दुसरा ऐकू येईनासा होणे, यास आच्छादन म्हणतात. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले की प्रबळ खर्ज स्वर आपल्यापेक्षा उंच स्वरांना सहज झाकतो, परंतु उंच स्वर खर्जाला तितका झाकत नाही. आणि आवाज जितका मोठा तितके हे आच्छादन वरच्या बाजूस अधिक पसरते. फ्लेचर यांनी १९४० मध्ये त्यात भर घातली, ती अशी की स्वर झाकला जाण्यास मुख्यतः त्याच्या लगतच्या अरुंद पट्ट्यातील गोंगाटच कारणीभूत होतो. मुक्तपतनातील गर्जना या दोन्ही दृष्टींनी प्रतिकूल आहे. ती खर्जात प्रबळ आहे आणि तिने कोणताही पट्टा मोकळा सोडलेला नाही.

संगीताचे सौंदर्य बव्हंशी लहानमोठ्या आवाजांच्या अंतरात असते. तंबोऱ्याची आस, मींडेतील स्वरांचा सूक्ष्म प्रवास, आलापातील विराम ही सर्व त्यातील मंद टोके होत. गोंगाटात प्रथम लोपतात ती हीच. उरतो तो तालाचा ठोका, किंवा आधीच पाठ असलेल्या गाण्याची मनाने भरून काढलेली रूपरेषा. असे श्रवण हे बऱ्याच अंशी स्मरणच असते.

आवाज वाढविणे हा उपाय सुचतो. पण तो महाग आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने १९९८ मध्ये पुरस्कारलेल्या मानकानुसार ८५ डेसिबलचा गोंगाट दिवसातून आठ तास सोसावा आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी करावी. या हिशेबाने ११२ डेसिबलला ५६ सेकंदे मिळतात. म्हणजे दिवसभराची मर्यादा एका उडीतच संपते. त्यावर मात करणारे संगीत कानात सोडणे म्हणजे कर्जावर कर्ज काढणे होय. प्रतिध्वनी निर्माण करून गोंगाट मारणारे हेडफोनही येथे फारसे उपयोगी पडत नाहीत. वारा त्यांच्या ध्वनिग्राहकावरच आदळतो आणि यंत्रास जो आवाज मारावयाचा, तोच त्यास नीट मोजता येत नाही.

कानावरील दुसरा भार

कान घट्ट बंद करून गोंगाट बाहेर ठेवावा, असे म्हटले तर दुसरी अडचण उभी राहते. ४,००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ६१६ मिलिबार, तर १,००० मीटरवर सुमारे ८९९ मिलिबार असतो. हे अंतर साधारण ५५ सेकंदांत कापले जाते. इतक्या जलद वाढणाऱ्या दाबाशी मध्यकर्णातील दाब घशाकडे जाणाऱ्या नलिकेवाटे जुळवून घ्यावा लागतो. ते न जमल्यास पडदा आत ताणला जातो, कान दुखतो आणि ऐकणे मंदावते. त्यातच कर्णरंध्र हवाबंद बुचाने मिटलेले असेल, तर वरची विरळ हवा आत कोंडून राहते व बाहेरचा वाढता दाब बुचाला आत रेटतो. सर्दी झालेल्यास उडी वर्ज्य मानतात, त्यामागेही दाबाचे हेच कारण आहे.

कानाचे त्या वेळचे काम

आतापर्यंतचे विवेचन संगीताच्या हानीचे झाले. त्याहून गंभीर बाब निराळी आहे. मुक्तपतनात कान रिकामा नसतो. वाऱ्याच्या गर्जनेवरूनच अनुभवी माणसास आपल्या वेगाचा अंदाज येतो. देह डोक्याकडे कलला की वारा चढतो आणि पुन्हा आडवा झाला की उतरतो. शिवाय शिरस्त्राणात कानालगत एक लहान उंचीमापक बसविण्याचा प्रघात आहे. सहकाऱ्यांपासून दूर होण्याची उंची, छत्री उघडण्याची उंची आणि त्याखालील निर्वाणीची मर्यादा अशा नेमून दिलेल्या टप्प्यांवर तो तीक्ष्ण इशारा देतो. इशाऱ्यासाठी उंच स्वर निवडणे सयुक्तिक आहे. कर्णरंध्र सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, एका टोकास बंद असलेली नळी असल्याने सेकंदास सुमारे ३,४०० कंपनांचा स्वर तिच्यात अनुनादाने वाढतो. गर्जनेचा जोर खालच्या पट्ट्यात असतो, तर इशारा वरच्या पट्ट्यात, आणि तोही कानाच्या सर्वांत तीक्ष्ण भागात उमटतो.

संगीत नेमके हेच अंतर बुजविते. गर्जनेवर मात करण्याइतके मोठे केलेले गाणे इशाऱ्याच्या पट्ट्यातही पसरते. आणि न पसरले तरी गाण्यात गुंतलेले लक्ष इशाऱ्याकडे वळण्यास उशीर लागतो. हा उशीर क्षुल्लक नाही. १,००० मीटरवर असलेल्या माणसास छत्री न उघडल्यास जमिनीपर्यंत सुमारे १८ सेकंदे उरतात. पाच सेकंदांच्या बेसावधपणात २८० मीटर निघून जातात. आपोआप राखीव छत्री उघडणारी यंत्रे सुमारे २२५ मीटरवर जागी होतात. त्या वेळी हाती चार सेकंदे असतात. इशारा देणारे यंत्रही डोळ्यांनी पाहावयाच्या उंचीमापकास केवळ पूरक असते, त्याची जागा घेत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

छत्री उघडल्यावर स्थिती पालटते. वेग सेकंदास १२ मीटरच्या आसपास येतो, गतिक दाब वीस पटींनी घटतो आणि त्या हिशेबाने गर्जना २६ डेसिबलने उतरते. येथे संगीत खरोखरच ऐकू येईल. परंतु येथेच सहकाऱ्याची हाकही ऐकू येऊ लागते. एकाच मैदानाकडे अनेक छत्र्या वळत असता ही हाक टक्कर टाळणारी ठरू शकते.

शांततेचा एक अपवाद

दाब हेच गर्जनेचे मूळ होय, या विधानास एक भव्य पुरावा आहे. १६ ऑगस्ट १९६० रोजी जोसेफ किटिंजर यांनी न्यू मेक्सिकोवर बलूनमधून सुमारे ३१,३०० मीटर उंचीवरून उडी घेतली. प्रारंभी वेगाची आणि वाऱ्याची जाणीवच होत नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले. गणित याला दुजोरा देते. तेथे दहा सेकंदांत वेग ताशी ३५० किलोमीटरच्या घरात जातो, तरी हवा इतकी विरळ की गतिक दाब अवघा ७५ पास्कल भरतो, म्हणजे छत्रीखाली संथ उतरणाऱ्या माणसाइतकाच. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी ३८,९६९ मीटरवरून उडी घेऊन ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या फेलिक्स बाउमगार्टनर यांच्या पतनाचा आरंभही अशाच विरळ हवेत झाला.

यावरून असे दिसून येईल की चित्रफितीतील शांत, संगीतमय पतन हे जेथे हवा जवळजवळ नाही तेथेच संभवते. जेथे हवा माणसाला तोलून धरते, तेथे ती गर्जना करणारच. आधार आणि आवाज ही एकाच दाबाची दोन रूपे आहेत. ती गर्जना झाकू पाहणारा माणूस संगीत तर मिळवीत नाहीच. उलट वेग, उंची आणि इशारा यांची वार्ता आणणारे एक इंद्रिय तो त्या एका मिनिटापुरते गमावून बसतो.