एंटरची कळ आणि ब्राउझर

धंद्याचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये कसं आलं, ती सनावळी वाचकांना पाठ आहे. जावा अ‍ॅप्लेट, अ‍ॅक्टिव्हएक्स, सिल्व्हरलाइट, फ्लॅश : प्रत्येकाने आपापला काळ गाजवला आणि प्रत्येक जण मागे पडला. फ्लॅशचा कारभार तर २०२० च्या डिसेंबरअखेर आटोपलाच. त्यात मी रमणार नाही. मला लिहायचंय ते मार्केट यार्डातल्या दिवाणजींच्या बोटांबद्दल.

फॉक्सप्रोच्या काळात अडतीवरची पट्टी उजव्या हाताने, न बघता व्हायची. शेतकऱ्याचा नंबर, एंटर. डाग, एंटर. वजन, एंटर. भाव, एंटर. आकड्यांच्या पॅडवरची एंटरची कळ करंगळीखाली असे आणि नजर काटापट्टीवर. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी छापून बाहेर. मग वेब आलं. एचटीएमएलच्या फॉर्ममध्ये एंटर म्हणजे थेट 'पाठवा'! अर्धवट पट्ट्या सेव्ह होऊ लागल्या. पुढच्या रकान्यात जायची टॅबची कळ कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला. 'लोकांना माउसची सवय लागेल,' असं तेव्हाचे जाणकार ठासून सांगत. त्यांनी भर लिलावात गल्ल्याशेजारी बसून एक तरी पट्टी करायला हवी होती. आम्ही काही जण एंटर अडवून कर्सर पुढे नेणारी चार ओळींची जावास्क्रिप्ट प्रत्येक स्क्रीनला लावत राहिलो. तिचा मला आजही अभिमान आहे.

खरी सुटका केली एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टने. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब अ‍ॅक्सेसवाल्यांनी ते घडवलं आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून ते बाहेर आलं. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये 'एजॅक्स' हे नाव दिलं, गूगल मॅप्स आलं आणि जग थक्क झालं. पण धंद्याचं सॉफ्टवेअर कायम मागून चालतं असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हे तंत्र जन्मलंच कचेरीच्या टपालासाठी. आमच्या लेखी त्याचा अर्थ साधा होता : नंबर टाकला की पान न हलता शेतकऱ्याचं नाव आणि मागची उचल समोर.

पुढे जेक्वेरी, अँग्युलर, २०१३ चं रिअ‍ॅक्ट. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सर्व्हिस वर्कर आणि इंडेक्स्डडीबी मात्र मनापासून आवडले. त्यांच्या आधारे नीट बांधलेल्या स्क्रीनवर नेट गेलं तरी नोंद ब्राउझरमध्ये राहते, लाइन आली की सर्व्हरवर चढते.

दुःख आजच्या स्क्रीनचं आहे. ब्राउझरची स्वतःची निवडयादी अक्षर दाबताच त्या नावावर जाते. ती टाकून डिव्हची देखणी यादी रचतात आणि तिला कीबोर्ड कळतच नाही. सगळं काम कीबोर्डने करता आलं पाहिजे, हे डब्ल्यूसीएजी २.० ने २००८ मध्येच अगदी प्राथमिक पातळीवर बंधनकारक धरलं. ती सोय अंध वापरकर्त्याची तशी दिवाणजींचीही. म्हणून बाजार समित्यांना आणि पतसंस्थांना मी एकच अट करारात घालायला सांगतो : माउस काढून ठेवायचा, दिवसभराच्या खऱ्या नोंदी तुमच्याच कारकुनाने करायच्या, आणि त्या झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा.