गावाची टीम, टीमचं गाव

'सोलापुरात काय ठेवलंय बे?' हे वाक्य तुम्ही कट्ट्यावर किती वेळा ऐकलंय? आणि खरं सांगा, स्वतः किती वेळा म्हटलंय? बारावी झाली की पुणे, डिग्री झाली की हैदराबाद नाहीतर बंगळुरू. सणाला वंदे भारतने यायचं, कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पाकिटं बॅगेत कोंबायची आणि परत. म्हणूनच आज तुम्हाला जपानमधल्या एका शहराची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट बास्केटबॉलची आहे, पण आयुष्यात कधी बॉल हातात न धरलेल्यांनीही वाचावी अशी.

शहराचं नाव उत्सुनोमिया. टोकियोच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर. बुलेट ट्रेनने तासाच्या आत टोकियो गाठता येतं. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे सोलापूरच्या जवळपास निम्मी. (आपण २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाखांवर होतो!) आपली ओळख जशी चादर आणि चटणी, तशी त्यांची ग्योझा. ग्योझा म्हणजे आपल्याकडच्या गाड्यावर मिळणाऱ्या मोमोचा जपानी भाऊ. तिथल्या स्टेशनबाहेर चक्क ग्योझाचा दगडी पुतळा उभा आहे.

राजधानी इतकी हाताशी असताना तिथल्या पोरांचा जीव गावात कशाला रमेल, असं आपल्याला वाटेल. पण याच गावाची 'उत्सुनोमिया ब्रेक्स' ही प्रोफेशनल बास्केटबॉल टीम जपानच्या सर्वोच्च लीगची तीन वेळा चॅम्पियन आहे. २०१७, २०२२ आणि २०२५. टोकियोच्या श्रीमंत टीमना मागे टाकून.

हे जमलं कसं?

भोंगा बंद झाला की...

आधी थोडा इतिहास. जपानमध्ये पूर्वी मोठ्या टीम असायच्या त्या कंपन्यांच्या. टोयोटाची, तोशिबाची, हिताचीची, मित्सुबिशी इलेक्ट्रिकची. खेळाडू म्हणजे कंपनीचे नोकरदार. आपल्याकडे रेल्वेची किंवा ओएनजीसीची टीम असते, तसंच काहीसं. पगार ठरलेला, खेळणं थांबलं तरी नोकरी शाबूत. वाईट काय त्यात?

वाईट एवढंच की कंपनीला शिंक आली की टीमला ताप यायचा. इसुझू मोटर्सची टीम देशातली एक दादा टीम होती. कंपनीचे दिवस फिरले आणि २००२ मध्ये टीमच बंद. चॅम्पियन असून काही उपयोग झाला नाही.

सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा फक्त पगार थांबला नव्हता. गिरणीच्या आधाराने उभ्या असलेल्या कितीतरी गोष्टी तिच्याबरोबर गेल्या. घरी आजोबा असतील तर एकदा विचारून बघा.

जपानचं दुसरं दुखणं म्हणजे भांडण. २००५ मध्ये जुन्या लीगशी फारकत घेऊन 'बीजे लीग' निघाली. एका देशात दोन लीग, दोघींचं पटेना. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने नोव्हेंबर २०१४ मध्ये जपानला थेट निलंबित केलं. मुलींची टीम असो की ज्युनियर पोरांची, सगळ्यांचे आंतरराष्ट्रीय सामने अडचणीत. मोठ्यांच्या भांडणात पोरांचं नुकसान. आपल्याला हेही नवीन नाही.

तोडगा काढायला बोलावलं कुणाला, तर फुटबॉलच्या माणसाला! साबुरो कावाबुची. १९९३ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या फुटबॉल लीगचे हे पहिले प्रमुख. त्यांनी दोन्ही गटांना एकत्र बसवलं. २०१५ मध्ये निलंबन उठलं आणि २२ सप्टेंबर २०१६ ला 'बी लीग'चा पहिला सामना झाला. नव्या लीगचा पाया एका साध्या गोष्टीवर होता : टीम गावाची हवी. नावात गाव हवं, गावात हक्काचं मैदान हवं आणि गावातली पोरं तयार करायला ज्युनियर टीम हवी. कंपन्यांनी पैसे जरूर घालावेत, पण टीम ओळखली जावी ती गावाच्या नावाने. म्हणून टोयोटाची टीम झाली 'अल्वार्क टोकियो' आणि तोशिबाची झाली 'कावासाकी ब्रेव्ह थंडर्स'.

पाच फूट नऊ इंचांचा हिरो

ब्रेक्सची गंमत अशी की ही टीम या नियमाची वाट बघत बसली नव्हती. २००७ मध्ये ती सुरू झाली ती खालच्या डिव्हिजनमध्ये. पहिल्याच वर्षी वर चढली. २००८ मध्ये त्यांनी युता ताबुसेला आणलं. हा एनबीएमध्ये खेळलेला पहिला जपानी. २००४ मध्ये फीनिक्स सन्सकडून तो फक्त चार सामने खेळला. पण अख्ख्या जपानने ते डोळ्यांत साठवले. उंची? पाच फूट नऊ इंच. 'आपली उंची नाही, आपल्याला कसलं बास्केटबॉल' म्हणणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचा.

असा स्टार एका आडबाजूच्या गावाच्या टीममध्ये आला आणि तिथेच राहिला. २००९-१० मध्ये टीम देशाची चॅम्पियन झाली. २०१७ मध्ये नव्या बी लीगची पहिली ट्रॉफीही तिनेच उचलली. २०२५ चं विजेतेपद आलं तेव्हा ताबुसे ४४ वर्षांचा होता आणि अजूनही टीममध्येच होता!

घरचं मैदान तर ऐकाच. काचेचा चकाचक महाल वगैरे काही नाही. शहराचं सार्वजनिक जिमनॅशियम, त्यालाच आता 'ब्रेक्स अरेना' म्हणतात. मोसमात ६० सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर आणि बहुतेक शनिवार-रविवारी. म्हणजे शाळा-ऑफिस सांभाळून कुणालाही जाता येतं. प्रेक्षकांत पिवळ्या जर्सींचा नुसता समुद्र. सुरुवातीला टीमच्या नावात तोचिगी या प्रांताचं नाव होतं. २०१९ मध्ये ते बदलून थेट शहराचं नाव लावलं.

आणि मग २०२५ चा फेब्रुवारी. मोसम ऐन रंगात असताना टीमचे कोच केव्हिन ब्रास्वेल यांचं निधन झालं. वय अवघं ४६. अशा वेळी टीम कोलमडली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. सहायक कोचने सूत्रं हाती घेतली, पोरं खेळत राहिली आणि मे महिन्यात अंतिम फेरीत ओकिनावाच्या 'र्‍युक्यु गोल्डन किंग्ज'ला हरवून त्यांनी कप गावात आणला.

आपलं काय?

या जपानी कोर्टवर भारतीय पाय लागले आहेत बरं का. २०१५ मध्ये अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग हे आपले दोन खेळाडू 'टोकियो एक्सलन्स' या जपानी टीमकडून खेळले. दोघंही पंजाबी मातीतले. अमृतपाल तर आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलकडे खूप उशिरा वळला. २०१७ मध्ये अमज्योत अमेरिकेच्या जी लीगमध्ये पोहोचला, तर अमृतपालला ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी किंग्ज'ने घेतलं. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो टिकण्याचा. २०१५ मध्ये आपल्याकडेही 'यूबीए' नावाची लीग निघाली होती. तिच्यात 'पुणे पेशवाज' नावाची टीमसुद्धा होती. आठवते? नसेलच आठवत. २०१७ नंतर ती लीग थांबली. टीमच्या नावात पुणं होतं, पण पुण्याच्या शनिवार-रविवारात ती कधी शिरलीच नाही. उत्सुनोमिया आणि आपल्यातला फरक इथे आहे.

आता सोलापुरात उद्या प्रोफेशनल टीम निघेल, असं स्वप्न विकायचं नाहीये. पण जरा आजूबाजूला बघा. तुमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा खांब असेल. रिंगला जाळी असेलच असं नाही. जिल्हा शालेय स्पर्धा दरवर्षी होतात, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. बास्केटबॉल, खो-खो, कबड्डी, सगळंच. तिथे खेळणारी पोरं-पोरी तुमच्याच वर्गातली असतात. बघायला कोण असतं? दोन शिक्षक, चार पालक आणि चुकून आलेला एखादा चहावाला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा तुमच्या ग्रुपमधले किती जण गेले होते, मोजा बरं.

गर्दी करणं आपल्याला जमत नाही असं थोडंच आहे? गड्ड्याच्या यात्रेला कुणी आमंत्रण पाठवतं का? नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अख्खं गाव रस्त्यावर उतरतं. कुठलीही कंपनी ते चालवत नाही. ते गावाचं आहे, म्हणून टिकलं आहे.

तर यंदा एवढंच करा. तुमच्या कॉलेजची टीम, मुलींची असो की मुलांची, जिथे खेळणार असेल ती तारीख विचारून घ्या. पाच जणांना घेऊन जा. घसा बसेपर्यंत ओरडा. हरले तर पुढच्या सामन्यालाही जा. पुढे कधी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात आणि कुणी विचारलं, 'सोलापुरात काय आहे?' तर चटणीच्या आधी सांगायला एक टीम असेल.

बघायला सुरुवात कुठून कराल?

● द फर्स्ट स्लॅम डंक : ताकेहिको इनोउए यांचा २०२२ चा ॲनिमे चित्रपट. त्यांच्या 'स्लॅम डंक' या मांगाने १९९० च्या दशकात जपानी पोरांना बास्केटबॉलचं वेड लावलं.

● जपान-व्हेनेझुएला, वर्ल्डकप २०२३ : ओकिनावात झालेला सामना. मागे पडलेल्या जपानला ब्रेक्सच्या माकोतो हिएजिमाने २३ गुण करून ओढून आणलं. जपान ८६-७७ ने जिंकला.

● बी लीगचे हायलाइट्स : जपानी कळत नाही? हरकत नाही. बास्केट पडल्यावरचा आवाज सगळीकडे सारखाच असतो.