पहिले पत्र

धूलकोटात आम्ही नवखे आलो तेव्हा आमच्या कोंकणीस उत्तर देणारे कोणी नव्हते. एकाकीपणात भय वाढते, हे त्या वेळी उमगले. ते ओसरते कसे?

सन १८८० मध्ये दंतवैद्याकडे थांबल्या असता अमेरिकेतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी एका मासिकात गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार वाचला. पत्नी आनंदीबाई हिने अमेरिकेत शिकावे, ही त्यांची इच्छा होती. बाईंनी अनोळखी आनंदीबाईंस आपण होऊन पत्र धाडले. धर्म, भाषा, वय सारेच भिन्न. तरी स्नेह वाढला. चौदाव्या वर्षी तान्हे मूल गमावलेल्या आनंदीबाईंना सातासमुद्रापलीकडे मावशी लाभली.

भयास कारण दोघींनाही होते : एकीस परका देश, दुसरीस घरात परके माणूस. परंतु पत्रांनी परकेपणच उरू दिले नाही. १८८३ साली, अठराव्या वर्षी, आनंदीबाई पतीवाचून निघाल्या. न्यूयॉर्कला मावशी वाट पाहत होती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. १८८७ साली पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली.

विद्यार्थीमित्रहो, वर्गात नवखे मूल एकटे बसले असेल, तर पहिला शब्द तुम्ही बोला.